मागील पानावरून

देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या ज्यांनी हाताळल्या असतील, त्यांना प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द आठवत असतील : मागील पानावरून. आधीच्या पानाच्या तळाशी झालेली बेरीज तेवढी नव्या पानावर येते. कोणी तेल दिले, कोणी नारळ दिले, कोणाच्या अभिषेकाचे किती आले, हा सारा तपशील मागेच राहतो. कारकुनाला शंभर पाने एका वेळी उघडी ठेवावी लागत नाहीत. समोर एक पान आणि हाती एक आकडा असला की वर्षाचा हिशेब पुरा होतो. लहानपणी मला याचे मोठे नवल वाटे. एवढे सगळे विसरूनही बेरीज चुकत नाही, हे कसे? पुढे वकिली करू लागलो आणि ते नवल मागे पडले. दोन वर्षांपूर्वी सुरतेत, कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात, त्याच प्रश्नाने मला पुन्हा गाठले. या वेळी मात्र नवल वाटण्याऐवजी शरम वाटली.

सुरतेच्या जुन्या कोटाचा कतारगाम दरवाजा आता नावापुरता उरला आहे. तेथून पुढे तापीच्या अंगाने गेले की गल्लोगल्ली हिऱ्यांचे कारखाने लागतात. जगातील दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेच्या हातांतून जातात असे सर्रास म्हटले जाते. त्या हातांचे धनी बहुतेक सौराष्ट्रातले. भावनगर आणि अमरेलीकडचे. त्यांना तिकडे रत्नकलाकार म्हणतात. शब्द मानाचा आहे. रोजच्या व्यवहारात तो मान किती पाळला जातो हे मला ठाऊक आहे, आणि त्यात माझाही थोडा वाटा आहे म्हणूनच हे लिहितो आहे.

कच्चा हिरा कापण्यापूर्वी तो कसा कापावा हे ठरवावे लागते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. एवढ्याशा खड्यात कोठे डाग आहे, कोठे भेग आहे, कोणत्या बाजूने सुरी घातली असता मोठा आणि स्वच्छ नग निघेल, हे आधी कळले तर नफा, न कळले तर चूर्ण. पूर्वी जाणता माणूस दहा पटींचे भिंग डोळ्याला लावून खडा बोटांत फिरवीत बसे आणि शाईने त्यावर रेघ ओढी. आता खडा यंत्रातल्या फिरत्या पाटावर बसतो, कॅमेरा त्याची शेकडो चित्रे घेतो, आणि संगणक त्या चित्रांवरून खड्याचे बाहेरचे रूप व पोटातले दोष उलगडतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश फार वाकतो आणि आतला ठिपका एका जागी असून दुसऱ्याच जागी भासतो, कधी एकाचे दोनही दिसतात. म्हणून काही यंत्रांत खडा तितक्याच दाट माध्यमात बुडवून मग पाहतात.

शेकडो चित्रे कशाला, एक चांगले चित्र का पुरत नाही, असा प्रश्न मी यंत्र चालवणाऱ्या तरुणास विचारला होता. हा मुलगा मूळचा खानदेशचा. मराठी बोलणारा वकील भेटल्याचा त्याला आनंद झाला असावा, कारण त्याने काम थांबवून मला समजावले. म्हणाला, "साहेब, एका चित्रात काळा ठिपका दिसला, तर तो हिऱ्यातला की कॅमेऱ्याच्या काचेवरचा, हे सांगता येत नाही. खडा फिरवला की कळते. ठिपका खड्याबरोबर फिरला तर खड्याचा. जागच्या जागी राहिला तर आपल्या काचेचा."

हे वाक्य त्याने अगदी सहज टाकले. मी ते घरी घेऊन आलो आणि कित्येक दिवस त्याच्याभोवती फिरत राहिलो. दोष पाहिलेल्या वस्तूचा की पाहणाऱ्याचा, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके घासला. शिंपल्यावर दिसलेली चांदी आणि दोरीवर दिसलेला साप हे दृष्टांत वाचकांस नवे नाहीत. त्या प्रश्नाला कतारगामच्या एका कोठीत एवढे व्यवहारी उत्तर मिळाले होते. वस्तू फिरवून पाहा, आणि फिरवूनही जे हलत नाही त्याचा दोष स्वतःकडे घ्या. वीस वर्षांच्या वकिलीत ज्या ज्या खटल्यांत मला कामगार बेफिकीर दिसला, त्यांची मी मनाशी उजळणी केली. माणसे वेगळी, कारखाने वेगळे, वर्षे वेगळी. ठिपका मात्र त्याच जागी.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. त्या कारखान्यातला कॅमेरा एका चित्रात २०४८ ओळी आणि प्रत्येक ओळीत २०४८ ठिपके टिपतो. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. असे एक चित्र सुमारे ८४ लाख बाइटांचे, आणि एका खड्याची चित्रे ८००. म्हणजे जवळजवळ ६७० कोटी बाइट. संगणकाच्या साठवणीत, ज्याला हार्ड डिस्क म्हणतात तीत, ही चित्रे खुशाल मावतात. पण संगणक काम करतो तो साठवणीत नव्हे. त्याची कामाची स्मृती निराळी असते, तिला ते लोक रॅम म्हणतात. कोठी आणि पाट यांत जो फरक, तोच या दोहोंत. धान्य कोठीत पोतीच्या पोती असते. निवडायचे ते पाटावर मावेल तेवढेच. त्या जुन्या यंत्राचा पाट होता सुमारे ४०० कोटी बाइटांचा, आणि त्यातलाही काही भाग इतर कामांनी अडवलेला. आठशे चित्रे एकदम मांडायला गेले की संगणक गप्प होई.

येथे सुज्ञ वाचक म्हणेल, मोठा पाट घ्या. घेतात, पण कॅमेराही वाढतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा आडवा छेद दाखवला. त्या पहिल्या यंत्रात १८० कोनांतून प्रत्येकी १६० मोजण्या, म्हणजे एकूण २८,८०० आकडे होते, आणि त्यांतून उमटणारे चित्र होते ८० गुणिले ८० घरांचे. तेवढ्यासाठीही मोजमापे चुंबकीय फितीवर भरून दुसरीकडच्या मोठ्या संगणकावर न्यावी लागत आणि उत्तरास तास लागत. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेवढे आकडे खिशातला फोन चुटकीसरशी गिळतो, आणि तरीही कतारगामचा संगणक थकतो. पाहण्याची हाव नेहमी स्मृतीच्या दोन पावले पुढे असते. ही उणीव तात्पुरती नव्हे. मर्यादित स्मृती असलेल्या प्रत्येकाची, म्हणजे तुमची आणि माझीही, ती कायमची अवस्था आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : जे सगळे एकदम डोळ्यांपुढे ठेवता येत नाही, त्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार आपणास आहे काय?

जमाखर्चाची वही म्हणते, आहे. सरासरी काढायची असेल तर चित्रे एकेक करून घ्यावी, बेरजेत मिळवावी आणि दृष्टीआड करावी. आठशेवे चित्र संपले की बेरजेला आठशेने भागावे. एकही चित्र लक्षात नाही, तरी उत्तर पै-पैने बरोबर. केवळ सरासरीच नव्हे, आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरले आहेत हेदेखील असे चालता चालता काढता येते, बी. पी. वेल्फर्ड यांनी १९६२ साली त्याची सुबक रीत प्रसिद्ध केली. विसरण्यात येथे काही गमावत नाही. विसर पडूनही न्याय होतो.

परंतु सर्वच प्रश्न बेरजेचे नसतात. शाळेत आपण मध्यक शिकलो : आकडे लहानमोठे लावले असता जो नेमका मधोमध येतो तो. काचेवरची धूळ आणि उजेडाचा उणेअधिकपणा, म्हणजे जे आठशेही चित्रांत जागचे हलत नाही ते, वेगळे काढण्यास हा मध्यकच उपयोगी पडतो. सरासरीला फिरत्या खड्याची सावली चिकटते. मध्यक तिला दाद देत नाही, कारण एखाद्याच चित्रात आलेल्या टोकाच्या आकड्याने तो ढळत नाही. शहाण्या पंचाचा हा गुण. आणि नेमका हाच पंच मागील पानावरून काम करण्यास नकार देतो. पन्नास आकडे ऐकल्यावर त्यांतला कोणता पुढे मधला ठरेल हे आधी सांगता येत नाही. आज कडेला वाटणारा शेवटी मधोमध येऊ शकतो. म्हणून कोणालाही आधी निरोप देता येत नाही. नेमका मध्यक हवा असेल तर एकतर सगळे ध्यानात ठेवा, नाहीतर पुन्हा पुन्हा वाचा. मन्रो आणि पॅटरसन या दोघा गणितज्ञांनी १९८० साली हा सौदा गणिताने मांडून दाखवला : स्मृती जितकी थोडी, तितकी आवर्तने अधिक.

कतारगामच्या अडचणीला यातूनच वाट आहे, आणि ती अवघड नाही. चित्रांच्या आडव्या पट्ट्या कराव्या. प्रत्येकी ६४ ओळींची एक पट्टी घेतली तर एका चित्राच्या ३२ पट्ट्या होतात. आठशे चित्रांतली पहिली पट्टी तेवढी पाटावर घ्यावी. तिला सुमारे २१ कोटी बाइट पुरतात. तिचे उत्तर लिहून ठेवावे आणि पाट पुसून दुसरी घ्यावी. एकाच चित्रमालेची ही बत्तीस पारायणे झाली. वेळ फार लागतो, पण एकही ठिपका सुटत नाही.

त्या कारखान्यात हे होत नव्हते. तेथे सोपा उपाय योजला होता : प्रत्येक चित्र उभे-आडवे निम्मे करायचे. चार ठिपक्यांचा एक ठिपका, त्यात चौघांची सरासरी. मग आठशे चित्रे सुमारे १६८ कोटी बाइटांत बसतात आणि काम मिनिटांत होते. मात्र चौघांत एक काळा आणि तीन पांढरे असले, तर उरतो एक फिकट करडा; चतुर्थांश काळेपणाचा. एक ठिपका जाडीची भेग असेल तर तिचा काळेपणा निम्मा होतो, आणि इतक्या फिकट रेघेला संगणक भेग मानील की नाही, हे त्याला घालून दिलेल्या मर्यादेवर अवलंबून. शिवाय साठवण भरू नये म्हणून मूळ चित्रे दर रविवारी पुसून टाकली जात.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तेथे एक खडा घंटीवर घासताना दुभंगला. मालक माझे अशील. त्यांचे म्हणणे असे की, संगणकाच्या आराखड्यात भेग नव्हती, अर्थात खडा निर्दोष होता, अर्थात कारागिराने दाब अधिक दिला. नुकसान पगारातून कापायचे. सोपवलेल्या मालाचे कामगाराच्या हयगयीने नुकसान झाल्यास कपात करण्याची मुभा १९३६ च्या वेतन कायद्यात होती. मात्र त्याला आधी आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशी अटही होती. २०१९ च्या वेतन संहितेतही हाच आशय आहे. मी ती संधी दिली. कारागीर, पन्नाशीचा माणूस, कार्यालयात येऊन बसला. तो एवढेच म्हणाला, "साहेब, हातावर कळते. खडा आतून बोलला." मी त्याच्यापुढे आराखड्याचा छापील कागद सरकवला. रंगीत, रेखीव, तिन्ही बाजूंनी खडा दाखवणारा कागद. त्याने तो पाहिला, आणि आठ हप्त्यांच्या कबुलीवर सही केली. मला त्या दिवशी काम नेटके झाल्याचे समाधान वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

चित्रे निम्मी केल्याचे त्या खानदेशी मुलाकडून मला तीन महिन्यांनी कळले, तेही मी सहज चौकशी करीत असताना. तोपर्यंत मूळ चित्रे केव्हाच पुसली गेली होती. भेग होती काय? असेल. नसेलही; हात खरोखरच जड पडला असेल. आता ते कोणालाच, कधीच कळणार नाही. मला टोचते ते एवढ्यासाठीच.

नैयायिकांनी ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग पाडले आणि प्रमा हा मान फक्त यथार्थ अनुभवाला दिला. स्मृतीला दिला नाही. विद्यार्थिदशेत हा मला शब्दच्छल वाटे. खरी आठवण खरी नव्हे तर काय? आज त्यातले तारतम्य उमगते. स्मृतीचा खरेपणा उसना असतो. ज्या अनुभवापासून तिने तो घेतला त्याच्याकडे परत जाण्याची वाट खुली असेल तोवरच तिची पत. आमच्या पुराव्याच्या कायद्यानेही हे निराळ्या रीतीने मानले होते. १८७२ च्या कायद्याच्या १५९ व्या कलमान्वये साक्षीदारास आपले टिपण पाहून आठवण ताजी करता येई. परंतु १६१ व्या कलमान्वये ते टिपण विरुद्ध पक्षास दाखवावे लागे, आणि त्यावर उलटतपासणीचा हक्क त्यास असे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमातही ही तजवीज कायम आहे. विसरण्याबद्दल कायदा कोणाला दोष देत नाही. कागद दडवण्याबद्दल देतो. न्यायाधीशाची बदली झाली तर नवा न्यायाधीश आधीच्याने नोंदलेल्या साक्षीवरून खटला पुढे चालवतो, आणि साक्षीदाराचा चेहरा त्याने पाहिलेला नसतो. एकाने ऐकले, दुसऱ्याने निकाल दिला. येथेही सारे मागील पानावरून. तरी आपण त्या निकालावर विश्वास ठेवतो, कारण मागील पान फाडलेले नसते.

देवस्थानच्या कारकुनानेही पाने फाडली नव्हती, हे मला लहानपणी लक्षात आले नव्हते. एखाद्या महाजनाला शंका आली तर वही मागे उलटता येत असे आणि नारळांपर्यंत जाता येत असे. बेरजेची निर्भयता त्या उलटता येणाऱ्या पानांत होती.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची उतरंड सांगितली आहे आणि तीत स्मृतिभ्रंश ही एक पायरी आहे. कारखान्यात कोणी कोणावर रागावले नव्हते. पण तो भ्रंश मात्र होता, आणि साधा विसर व भ्रंश या दोहोंत मी आता फरक करतो. आठशे चित्रे पाटावर न मावणे हा साधा विसर. निम्म्या केलेल्या चित्रांना पूर्ण समजणे, आणि त्या समजुतीवर दुसऱ्याच्या भाकरीतला तुकडा मोडणे, हा भ्रंश. पहिल्यास इलाज पारायणाचा. दुसऱ्याला इलाज आहे असे वाटत नाही. फार तर तो पुढच्या वेळी टाळता येईल. कोकणीत आठवणीला उगडास म्हणतात. व्युत्पत्ती काही असो, माझ्या कानाला त्यात काहीतरी उघडल्याचा भास होतो, आणि मराठीतल्या 'साठवण' या शब्दापेक्षा तो मला जवळचा वाटतो.

कोणी म्हणेल, यात तत्त्वज्ञान कसले, ही सरळ निष्काळजी आहे. मी ते मान्य करीन, फक्त एक विचारीन : निष्काळजी कोणाची? मुलाने चित्रे लहान केली, कारण यंत्र अडत होते आणि मालकाला घाई होती. मालकाने कागदावर विश्वास ठेवला, कारण कागद सुबक होता. मी तो पुढे सरकवला, कारण तो माझ्या बाजूचा होता. तिघांनीही आपापल्या पानावरचा आकडा बरोबर पुढे नेला. पाच बोटांनी खडा धरणाऱ्या त्या एकट्याजवळ मूळ अनुभव होता, आणि त्याची साक्ष आम्ही अनुभव म्हणून नव्हे, सबब म्हणून ऐकली.

मी मालकांना सर्व सांगितले. माणूस वाईट नाही. उरलेले पाच हप्ते त्यांनी सोडून दिले. दिलेले तीन परत करण्याचे मी सुचवले, त्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, मग भेग होती असे मी कबूल केल्यासारखे होईल." कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बोलणे चूक नव्हते, आणि असा सल्ला मीच त्यांना पूर्वी दहा वेळा दिलेला होता. कारागीर तोपर्यंत दुसऱ्या कारखान्यात लागला होता. हप्ते सुटल्याचे पत्र मी त्याला स्वतः नेऊन दिले. त्याने ते घडी घालून खिशात ठेवले आणि चहा मागवला. खड्याविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

कारखान्यात आता रात्रीच्या वेळी पट्ट्यापट्ट्यांनी काम चालते. संगणक तोच जुना आहे. खानदेशच्या त्या मुलाने आपल्या एका मित्राकडून तेवढी आज्ञावली लिहवून घेतली. संध्याकाळी खडा लावायचा, सकाळी उत्तर पाहायचे. मूळ चित्रे किती दिवस ठेवायची यावर मात्र आमचे बरेच दिवस घासाघीस चालली. मालक म्हणत, खडा विकेपर्यंत. मी म्हटले, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो, तेव्हा तीन वर्षे. त्यांनी डिस्कचा खर्च मांडून दाखवला. मी मांडलेला आकडा त्याहून मोठा होता, पण तो कागदावर लिहिण्याजोगा नव्हता. शेवटी तीन वर्षे ठरली. डिस्क खड्यांच्याच तिजोरीत, खालच्या खणात ठेवतात, आणि प्रत्येकीवर खड्याच्या क्रमांकाखाली कारागिराचे नाव लिहिलेले असते.